रविवार संध्याकाळपर्यंत ॲप : नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शिका

ॲप काढायचंय? अभिनंदन. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी ॲप काढायचंच असतं. गृहकर्जाचे हप्ते अंगवळणी पडले की साधारण ही इच्छा उपटते. पूर्वी त्यासाठी सर्व्हर घ्या, डेटाबेस बसवा, लॉगिन लिहा, बॅकअपची सोय लावा, अशी दोन-तीन महिन्यांची हमाली असे. तेवढ्या काळात माणसाला शहाणपण येई आणि बरीचशी ॲप्स जन्माआधीच टळत. आता ती अडचण राहिलेली नाही. फायरबेस, सुपाबेस, ॲपराइट अशा तयार बॅकएंड सेवांमुळे शुक्रवारी रात्री सुचलेलं खूळ रविवारी संध्याकाळी मोबाइलवर चालताना दिसतं. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. मध्ये विचार करायला थांबू नका, वेग मंदावतो.

१. जागा निवडा

महसुली दफ्तरात हिंजवडी आणि माण ही दोन्ही गावं मुळशी तालुक्यातलीच. म्हणजे तुम्ही रोज मुळशीतच कोड लिहिता. पण ती मुळशी धरायची नाही, तिथे पार्किंगसुद्धा सुचत नाही. तुम्हाला हवी तलावाकाठची मुळशी. शुक्रवारी चौघे एका गाडीत बसा, घोटवड्यावरून पौड गाठा आणि पुढे पाण्याच्या कडेला फार्महाऊस घ्या. मालकाला दोनच प्रश्न विचारा : वायफाय आहे का, आणि चुलीवरचं मिळेल का? तो दोन्हींना हो म्हणेल. वायफाय व्हरांड्यातल्या डाव्या खांबापाशी मिळतं, पाऊस नसेल तेव्हा.

लाइट जाईल. घाबरू नका, जनरेटर आहे. समोर दिसतंय ते पाणी टाटांच्या धरणाचं. ते घाटाखाली भिऱ्याला उतरतं, तिथे त्याची वीज होते आणि ती मुंबईच्या कामी येते. या धरणाखाली जमिनी जाणार म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. पाणी आपल्या दारात आणि चावी दुसऱ्याच्या हातात, याचा अनुभव या तालुक्याला शंभर वर्षांचा आहे. ही माहिती तुम्हाला पुढे तिसऱ्या पायरीवर उपयोगी पडू शकेल. म्हणूनच तूर्त ती फक्त फोटोखालच्या ओळीसाठी वापरा.

२. समस्या निवडा

स्वतःची समस्या अजिबात निवडू नका. ती सुटली नाही तर लगेच कळतं. शेतकऱ्याची निवडा.

मुळशीत आलाच आहात तर आंबेमोहर घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेला तांदूळ, नाव सुवासिक, चित्रही छान येतं. 'शेतकऱ्याच्या खाचरातून थेट तुमच्या ताटात' हे वाक्य फळ्यावर लिहा. 'मधले दलाल' हे शब्द लिहून त्यावर लाल काट मारा. नावात 'ॲग्री' किंवा 'किसान' घाला. संशोधन संपलं.

कुणीतरी भाबडा मित्र म्हणेल, "पलीकडे खाचरात माणसं दिसतायत, विचारून येऊ का?" त्याला बसवा. आवणीचे दिवस आहेत, त्यांचा वेळ घेऊ नये. शिवाय चिखल आहे. त्या मित्राला लोगोच्या कामाला लावा. लोंबीचा कल किती अंशांचा असावा यावर शनिवारची अर्धी सकाळ जाईल, पण ती कारणी लागली असं समाधान मिळेल.

३. बॅकएंड फुकटात घ्या

आता खरी जादू. फायरबेसच्या संकेतस्थळावर जा, प्रकल्पाला नाव द्या, तीन-चार वेळा 'पुढे' दाबा. लॉगिन, डेटाबेस, सूचना पाठवायची सोय, सगळं हात जोडून उभं राहतं. हे तुम्ही केलेलं नाही ही गोष्ट घरी सांगायची गरज नाही.

यात चेष्टा नाही, सोय खरोखर मोठी आहे. महिन्याभराचं काम तासाभरात होतं. वाचलेल्या महिन्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. या मार्गदर्शिकेतही तो विचारलेला नाही.

सेवा निवडताना गुणवत्ता, भाव, अटी असली रुक्ष तुलना करू नका. जिचा व्हिडिओ छोटा ती सेवा चांगली. फायरबेस २०१४ पासून गुगलचं आहे, म्हणजे कायमचं आहे असं समजा. सुपाबेस पोस्टग्रेसवर उभं आहे, म्हणजे कधी घर बदलायचं झालं तर सामान हलवता येतं. पण तुम्ही आताच तर राहायला आलात, सामानाचं कशाला काढायचं? सुपाबेसच्या फुकट योजनेत आठवडाभर कुणी फिरकलं नाही तर प्रकल्प निजवून ठेवतात. तुमच्या बाबतीत हे पहिल्याच पंधरवड्यात घडेल. वाईट वाटून घेऊ नका, ते यंत्र आहे, त्याला भावना नाहीत. आकडे मात्र कळतात.

४. डेटा कुठे राहणार ते ठरवू नका

डेटाबेस काढताना तो कुठल्या शहरात ठेवायचा असं विचारतात. यादीत मुंबईही असते. पण यादी लांब आहे आणि आतून भजी आल्याची हाक आली आहे. आधीपासून निवडलेलं राहू द्या. फायरस्टोअरमध्ये एकदा निवडलेली जागा नंतर बदलता येत नाही, त्यामुळे या विषयावर पुन्हा चर्चा होण्याचा धोकाच उरत नाही. यापुढे कोळवणच्या शेतकऱ्याने 'दोन पोती' असं लिहिलं की ती पोती आधी अमेरिकेला जातील आणि मग कोथरूडच्या ग्राहकाला दिसतील. थेट खाचरातून, वाटेत एक महासागर लागतो इतकंच.

५. सुरक्षेचे नियम मनाच्या मोठेपणाने लिहा

आता कन्सोल विचारेल : डेटाबेस कुलूपबंद ठेवायचा की चाचणीसाठी उघडा? उघडा ठेवा. कुलूपबंद ठेवला तर कोण काय वाचू शकतं, कोण काय बदलू शकतं, हे बसून लिहावं लागतं. म्हणजे ॲप कुणासाठी आहे याचा विचार आला.

उघडा ठेवलात की पुढचे तीस दिवस जगातल्या कुणालाही तुमचा डेटाबेस वाचता येतो, त्यात लिहिता येतं आणि पुसताही येतं. घराला कुलूप न लावता 'महिन्याभराने लावणार आहोत' अशी पाटी दारावर टांगण्याचा हा प्रकार. महिना संपत आला की इशाऱ्याचा ईमेल येतो. तेव्हा पुढीलपैकी एक करा :

अ) नियमातली तारीख खोडून दहा वर्षांनंतरची टाका.

आ) तारीख काढून टाका आणि तिथे 'इफ ट्रू' एवढंच लिहा. वाचायला सुटसुटीत.

इ) ईमेलच बंद करा.

सुपाबेसवाल्यांनी नाउमेद होऊ नये. तुमच्याकडे 'रो लेव्हल सिक्युरिटी' नावाची कटकट आहे. ती चालू असली आणि धोरणं लिहिलेली नसली की पडदा रिकामा दिसतो. उपाय सोपा : 'सर्व्हिस रोल' नावाची जी किल्ली सगळे नियम ओलांडून जाते, तीच सरळ ॲपमध्ये घाला. ती फक्त सर्व्हरवर ठेवायची असते, असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला रविवार संध्याकाळची मुदत नव्हती.

हल्ली कोडही आपण लिहीत नाही, एआयला सांगतो. 'परवानगी नाकारली' असा दोष आला की तो मजकूर उचलून एआयला चिकटवा आणि 'हे घालव' म्हणा. तो घालवील. बरोबर नियमही घालवील.

६. ओटीपीची सोय करा

मोबाइल क्रमांकाशिवाय आपल्याकडे ॲपला ॲप म्हणत नाहीत. पण खरा एसएमएस पाठवायचा तर २०२४ च्या सप्टेंबरपासून फायरबेसला कार्ड जोडावं लागतं, आणि कार्ड काढायचं म्हटलं की चौघांचीही नजर तलावाकडे वळते. म्हणून फायरबेसमधली 'चाचणी क्रमांक' ही सोय वापरा. एक काल्पनिक क्रमांक टाका, त्याचा ओटीपी १२३४५६ ठरवून ठेवा. एसएमएस जात नाही, पैसे पडत नाहीत, रेंज लागत नाही. ताम्हिणीकडच्या एखाद्या वस्तीवर ओटीपीसाठी टेकडी चढून परत येईपर्यंत त्याची मुदत संपते, हा प्रश्नही तुमच्यापुरता सुटला.

७. डेमो बसवा

डेमोला दोन फोन लागतात. एकावर 'शेतकरी', दुसऱ्यावर 'ग्राहक'. शेतकऱ्याचा फोन तुमच्यापैकी ज्याचं आजोळ गावाकडे आहे त्याच्या हातात द्या. त्याने भाव बदलला की दुसऱ्या फोनवर काहीही न दाबता आकडा बदलतो. इथे क्षणभर थांबा. टाळ्या याच ठिकाणी पडतात. ही करामत डेटाबेसमध्येच बसवलेली आहे आणि दोन-चार ओळींत होते, हे समोरच्यालाही माहीत असतं, कारण मागच्या महिन्यात त्यानेही हीच दाखवली होती. तरी टाळ्या पडतात.

शोधायची पट्टी दाखवू नका. फायरस्टोअरची साधी शोधणी अक्षराला अक्षर जुळलं तरच बोलते. तुम्ही 'आंबेमोहर' लिहिलंय, शेतकरी 'आंबेमोहोर' लिहितो आणि कोथरूडचा ग्राहक इंग्रजीत टाइप करतो. तिघांची गाठ पडत नाही. मधल्या दलालाला ही तिन्ही रूपं कळत होती, पण त्याच्यावर आपण लाल काट मारली आहे.

८. खऱ्या शेतकऱ्याला दाखवा (ऐच्छिक, शक्यतो टाळा)

तरीही हौस असेल तर रविवारी सकाळी जा. 'वापरकर्त्याशी संवाद' या शीर्षकाखाली एक फोटो लागतोच. पडवीत मामा बसलेले असतील. फोन त्यांच्या हातात द्या. ॲप आधी त्यांचं ठिकाण मागेल, मग फोटो, मग संपर्कांची यादी. मामा फोन लांब धरून बघतील, मग तुमच्याकडे बघतील.

"कशाला पायजे हे समदं?"

"मामा, त्याशिवाय पुढे जाता येत नाही."

"बरं. आता हे 'किती किलो' इचारतंय. भात अजून गिरनीला गेलं न्हाई. हितं काय लिवू?"

"अंदाजे लिहा."

"लिवलं. माल न्यायला कोन येनार?"

"डिलिव्हरी पार्टनर."

"त्याच्याकडं टेम्पो हाय का? हितनं पौडापतुर टेम्पोचं भाडं कोन भरनार, ते ह्यात कुठं दिसंना."

इथे हसून वही काढा आणि लिहा : 'लॉजिस्टिक्स, दुसरा टप्पा'. दुसरा टप्पा ही या व्यवसायातली सर्वांत प्रशस्त जागा आहे, तिथे काहीही मावतं. आता उठा. आणखी प्रश्न विचारू नका. पण तुमच्यातला तो भाबडा विचारतोच, "मामा, आंबेमोहर किती लावलाय?"

"आंबेमोहर? घरापुरता. उतारा कमी पडतो त्याचा. इकायला इंद्रायनी."

गडबडून जाऊ नका. इंद्रायणी हे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली आणलेलं वाण, आणि ते आंबेमोहराच्याच वंशातलं. म्हणजे घरातलंच. ड्रॉपडाउनमध्ये एक ओळ वाढवा. 'आंबेमोहर मुळात पिकतोय किती' हा प्रश्न तिसऱ्या टप्प्यात टाका.

९. बारा माणसं जमवा

ॲप प्ले स्टोअरवर चढवायचं तर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. ते सोपं आहे. अवघड भाग पुढे : २०२३ च्या नोव्हेंबरनंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर आधी किमान बारा माणसांनी सलग चौदा दिवस चाचणीत राहावं लागतं.

बारा माणसं कुठून आणायची? शेतकरी बोलावू नका, ते प्रश्न विचारतात. 'मोरे परिवार' किंवा जो तुमचा असेल त्या कौटुंबिक ग्रुपवर दुवा टाका. काका ॲप घेतील आणि विसरतील. मावशी घेईल आणि "छान आहे, रंग जरा फिका ठेव" म्हणेल. आत्या विचारेल, "नोकरी सोडलीस की काय रे?" चौदा दिवस पुरेपर्यंत कुणाशीही भांडू नका, अकरा झाले तर घोडं अडतं. लग्नाच्या याद्या करतात तशी एक यादी करा आणि रुसलेल्यांना वेगळी खूण करा.

१०. बिलाची ओळख करून घ्या

फायरस्टोअरमध्ये रोजची पन्नास हजार वाचनं फुकट असतात. हा आकडा डोंगराएवढा वाटतो, आणि वाटू द्या. हिशोब असा : यादीत दोनशे पोती आहेत आणि कुणी ॲप उघडलं की तुम्ही सगळी यादी आणता. म्हणजे एकदा ॲप उघडलं की दोनशे वाचनं. अडीचशे वेळा उघडलं की कोटा संपला. मावशीने रंग बघायलाच तीस वेळा उघडलंय.

फुकट योजनेत असाल तर ॲप तिथेच थांबतं आणि कोटा पुन्हा भरतो तो कॅलिफोर्नियातल्या मध्यरात्रीच्या सुमाराला. म्हणजे आपल्याकडे साडेबारा, थंडीत दीड. तुमचं दुकान दुपारच्या जेवणाला उघडतं, असं ग्राहकांना सांगा.

कार्ड जोडलेलं असेल तर ॲप थांबत नाही, बिलही थांबत नाही. खर्चाची मर्यादा म्हणून जी लावतात ती फक्त इशारा देते, नळ बंद करत नाही. २०१८ साली कोलंबियातल्या वाकी नावाच्या लोकवर्गणी संकेतस्थळाने एकूण रक्कम दाखवायला दर भेटीला सगळ्या देणग्या एकेक करून वाचल्या. एक मोहीम गाजली, आणि ७२ तासांच्या आत बिल ३०,००० डॉलरवर गेलं. एकूण बेरीज एका जागी लिहून ठेवली असती तर दर भेटीला एकच वाचन पडलं असतं. गुगलने त्यांचं बिल माफ केलं म्हणतात. तुमचंही करतील, या श्रद्धेने पुढे चला. आणि खरं तर तुमचं ॲप गाजणार नाही, ही तुमची सर्वांत भक्कम आर्थिक तटबंदी आहे.

११. लोकांची माहिती गोळा करा, मग विसरा

मोबाइल क्रमांक, आधारचा फोटो, सातबारा, बँकेचं पासबुक, सगळं मागा. कशाला लागेल माहीत नाही, पण मागायला पैसे पडत नाहीत. पाचव्या पायरीवरचे नियम आठवत असतील तर ही सगळी कागदपत्रं सध्या वेशीवर टांगलेली आहेत.

घाबरवण्यासाठी लोक २०२५ च्या जुलैचं उदाहरण देतात. अमेरिकेत स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी काढलेलं 'टी' नावाचं ॲप होतं. फायरबेसवरची त्यांची एक साठवण उघडी राहिली आणि सुमारे ७२ हजार चित्रं बाहेर गेली. त्यातली सुमारे १३ हजार ओळख पटवण्यासाठी मागितलेले चेहरे आणि ओळखपत्रं होती. सुरक्षेसाठी घेतलेली कागदपत्रं सर्वांत आधी गेली. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे. माहिती नीट सांभाळली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. तुमच्या सादरीकरणात 'तिसऱ्या वर्षी अपेक्षित उलाढाल' म्हणून साधारण एवढाच आकडा आहे, तेव्हा ताळमेळ बसतो.

१२. सेवा बंद पडली तर काय, हा विचार करू नका

पार्स नावाची अशीच लाडकी सेवा होती. २०१३ साली फेसबुकने ती विकत घेतली, आणि सगळे म्हणाले, आता काळजी मिटली. २०१६ च्या जानेवारीत 'बंद करतो आहोत' अशी घोषणा झाली आणि वर्षभराने दार लागलं. जाताना त्यांनी आपला कोड सर्वांना खुला केला, वर्षाची मुदतही दिली. म्हणजे सज्जन घरमालक होते. तरी ज्यांनी घाईत दोन दिवसांत ॲप बांधलं होतं, त्यांना ते हलवायला किती दिवस लागले ते त्यांना विचारा. किंवा पौडच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला कुणालाही विचारा.

वर्ज्य गोष्टी

शेवटी धोक्याच्या सूचना. खालच्या गोष्टी चुकूनही करू नयेत, यातून ॲप काढायचा सगळा उत्साह मावळल्याची लक्षणं दिसली आहेत.

ॲपचे चार पडदे कागदावर काढून शुक्रवारीच मामांच्या पडवीत नेऊ नका. टेम्पोचा प्रश्न लोगोच्या आधी समोर येईल.

पहिली नोंद करायच्या आधी सुरक्षेचे नियम लिहू नका. 'ज्याची नोंद त्यालाच बदलता येईल' एवढं लिहायला दहा मिनिटं लागतात, आणि ती भज्यांमधून जातात.

खोट्या नावांनी आणि खोट्या क्रमांकांनी चाचणी करू नका. मग गळायला काही उरतच नाही.

यादी एका वेळी वीसच ओळींची आणू नका, आणि डेटा दर आठवड्याला उतरवून स्वतःकडे ठेवू नका. कुठल्याही रविवारी उठून दुसरीकडे जाता येईल, आणि मग निष्ठेला काय अर्थ?

आणि सर्वांत घातक गोष्ट : दोन दिवसांत जे कळायचं ते कळल्यावर सोमवारी सकाळी तो प्रकल्प डिलीट करू नका. नमुना यासाठीच असतो, असं म्हणणारे काही जुने लोक आहेत. ते म्हणतात की मामांचा टेम्पोचा प्रश्न ही त्या दोन दिवसांची कमाई, आणि ती फुकट योजनेत मिळाली. असं बोलणाऱ्याला पुढच्या हॅकेथॉनला परीक्षक म्हणूनसुद्धा बोलावत नाहीत.